अंगावर काढलेले महिने

"शेवटची पाळी कधी आली होती?" डॉक्टरबाईंनी विचारलं आणि मी गप्प.

पाचोऱ्याला एका पतपेढीत मी एकोणीस वर्षं कॅशवर बसते. संध्याकाळी पाच रुपयांचा फरक आला तरी तो सापडल्याशिवाय खुर्ची सोडत नाही. घरच्या कॅलेंडरवर दुधाचा खाडा मीच मांडते. सिलेंडर कधी लावला, कूलरच्या जाळ्या कधी बदलल्या, सासऱ्यांची बीपीची गोळी कधी संपते, सगळं त्या चौकोनांत असतं. आणि डॉक्टरबाईंसमोर मी बोटं मोजत बसले होते. अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी? की नंतर? नाही, अखजीलाच असावी, कारण माहेरी झोका बांधला होता आणि मी बसले नव्हते.

आमच्या घरात 'पाळी' हा शब्द तसा निषिद्ध नाही. उलट हिवाळ्यात तो दिवसातून दहादा ऐकू येतो. गिरणेच्या पाटाला पाणी सुटलं की सासरे ओट्यावरून गल्लीभर ऐकू जाईल असं सांगतात, "आपली पाळी मंगळवारी रात्री!" कोणाच्या वावराला किती तास, कोणी पाणी फोडलं, सगळं तोंडपाठ. दुसऱ्या पाळीला मात्र आम्ही अडचण म्हणतो, बाहेरची म्हणतो, कावळा शिवला म्हणतो. नाव नसलेल्या गोष्टीची तारीख कोण लिहून ठेवणार?

तोवर सगळं बरं चाललं होतं. अठ्ठावीस-तीस दिवसांनी यायची, चार दिवसांचा मामला. बेचाळिसावं लागलं तसं तंत्र बिघडलं. एकदा अठराव्या दिवशीच आली. मग दोन महिने पत्ता नाही. मग अखजीला माहेरी गेले तेव्हा जी आली ती चौदा दिवस थांबेना. आईने फुईला सांगितलं. फुई म्हणजे माझी आत्या, पारोळ्याची. ती म्हणाली, "काही नही व माय. उन्हाळा शे, आंगमा उष्णता व्हयनी."

खान्देशात मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो, त्यामुळे इथे कुठल्याही दुखण्याला हे उत्तर तयारच असतं. डोळे चुरचुरले, उष्णता. नाक फुटलं, उष्णता. मग धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, गुलकंद. यातलं काहीही वाईट नाही. मी ते सगळं घेतलं आणि मला गारही वाटलं. फक्त त्यात सात आठवडे गेले.

मराठीत यासाठी जे शब्द आहेत ते बघा. रक्त जास्त जायला लागलं की बाई म्हणते, 'अंगावरून जातंय.' आणि दुखणं न सांगता सोसलं की आपण म्हणतो, 'अंगावर काढलं.' मी दोन्ही एकदम करत होते.

त्या दिवसांत मला बर्फाचं वेड लागलं. फ्रीझरमधला बर्फाचा ट्रे मी उभ्या उभ्या रिकामा करायचे. काडकाड चावून. मुलगी हसायची. पुढे पुढे तिच्या जुन्या दप्तरातली पाटीवरची पेन्सिल दिसली की तोंडाला पाणी सुटायला लागलं. एकदा खाल्लीही, मोरीत जाऊन, दार लावून. त्रेचाळीस वर्षांची बाई पाटीची पेन्सिल खातेय, हे कोणाला सांगणार? अंगातलं लोह संपत आलं की बर्फ, माती, खडू, कच्चे तांदूळ असल्या वस्तूंची ओढ लागते, हे मला फार नंतर कळलं. तोवर मी त्याला डोहाळ्यांसारखं काहीतरी समजून लाजत होते.

मग एक दिवस पाचोरा स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या संपेनात, अर्ध्यावरच दम लागला. छातीत धडधड, कानात सूं सूं. तिथेच बसले. एका फेरीवाल्याने पाण्याची बाटली दिली आणि पैसे घेतले नाहीत.

पहिल्यांदा ज्या दवाखान्यात गेले तिथे हिमोग्लोबिन तपासलं. ६.८. बाईचं बारा तरी असावं, आठच्या खाली म्हणजे गंभीर. तिथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद वर-खाली बघितला आणि विचारलं, "मुलं झालीत ना? मग पिशवी काढून टाकू. कटकटच संपेल. उद्या कॅन्सर-बिन्सर झाला तर?" पाच मिनिटांत ऑपरेशनची तारीखही सुचवली. खरं सांगते, मी 'हो' म्हणायच्या बेतात होते. चौदा दिवस कपडे धुणाऱ्या बाईला 'कटकट संपेल' यापेक्षा गोड शब्द कुठला?

मला मावशी आठवली म्हणून थांबले. मावशीची पिशवी बत्तिसाव्या वर्षी काढली. कशासाठी, ते तिलाही माहीत नाही. 'सूज होती' एवढंच. बीजकोशही सोबत गेले. चाळिशीच्या आत तिची हाडं ठणकायला लागली, अंगातून वाफा निघायच्या, रात्री झोप नाही. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांची बातमी गाजली तेव्हा आम्ही हळहळलो, जणू ती मराठवाड्यातलीच गोष्ट. आमच्याकडच्याही कितीतरी बाया कोयता घेऊन गुजरातेत जातात. आणि मावशी तर कधी उसाच्या फडात गेलीच नव्हती, ती शिलाई मशीन चालवायची.

म्हणून जळगाव गाठलं. सोनोग्राफीसाठी 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' या पाटीखाली बसलो होतो, सगळ्या जणी पोटुशा आणि मधे मी एकटी रिकाम्या पोटाची. हे बाहेर कडुनिंबाखाली थांबले. काउंटरवरच्या मुलीने मोठ्याने विचारलं, "काय त्रास आहे?" मी म्हटलं, "अडचण आहे." ती म्हणाली, "पैशांची?"

डॉक्टरबाई माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील. त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर गरोदरपणाची चाचणी. मला हसू आलं. त्यांना नाही आलं. म्हणाल्या, "पाळी चुकली आणि मग रक्त जायला लागलं, सोबत एका बाजूला पोट दुखतंय, चक्कर येतेय, तर गर्भ नळीत अडकलेला असू शकतो. नळी फुटली तर तासांचा खेळ असतो. वय त्रेचाळीस असो की सतरा, ही शंका आधी मिटवायची." चाचणी निगेटिव्ह आली. पण 'माझं काही असं नसेल' असं समजून ती पायरी गाळायची नसते, हे डोक्यात बसलं.

मग प्रश्नांची फैरी. मला वाटत होतं मी फार वाईट आजारी आहे, पण सांगायला माझ्याकडे एकही आकडा नव्हता. किती दिवसांनी येते? मी म्हटलं, "पंधरा दिवसांत परत येते." त्यांनी विचारलं, कुठून मोजता? मी रक्त थांबल्याच्या दिवसापासून मोजत होते. माझ्या ओळखीच्या निम्म्या जणी तसंच मोजतात. मोजायचं ते पहिल्या दिवसापासून पुढच्या पहिल्या दिवसापर्यंत. तसं धरून २४ ते ३८ दिवस अंतर असेल, रक्त आठ दिवसांच्या आत थांबत असेल आणि दर महिन्याला दोन-चार दिवस पुढे-मागे होत असेल, तर चिंता नको. एका पाळीत सगळं मिळून तीस-चाळीस मिली रक्त जातं. ८० मिलीच्या वर, म्हणजे टपरीवरचा एक कटिंग चहा, हे जास्तच. माप घेऊन कोणी बसत नाही, म्हणून दुसऱ्या खुणा विचारल्या. तासाभरात पॅड भिजतं का? रात्री बदलायला उठावं लागतं का? दोन-दोन पॅड एकदम लावता का? दहाच्या नाण्याएवढ्या गाठी पडतात का? सगळ्याला 'हो' होतं. तासाला एक पॅड भिजतंय आणि असं दोन-तीन तास चाललंय, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. घरी पडून पाय उशीवर ठेवून बघू म्हणायचं नाही. मी तसंच बघितलं होतं. दोनदा.

दोन पाळ्यांच्या मधे रक्त दिसतं का? नवऱ्याजवळ गेल्यावर दिसतं का? हा प्रश्न त्यांनी इतक्या साध्या आवाजात विचारला की मीही साधं उत्तर दिलं. दिसत असेल तर गर्भाशयाचं तोंड तपासायला हवं, तिथला कॅन्सर बऱ्याचदा अशी चाहूल देतो. आमच्या भागात या एका लक्षणावर बायका जीव गेला तरी तोंड उघडत नाहीत, कारण सांगायची सुरुवातच जिभेवर येत नाही.

"काही गोळ्या घेता?" मी म्हटलं नाही. "पाळी पुढे ढकलायच्या?" त्या तर घेतल्याच होत्या. वर्षात तीनदा. पुतण्याच्या लग्नाला, सत्यनारायणाला आणि श्रावणातल्या कानबाई देवीच्या सणाला. विचारलं नसतं तर सांगितलंच नसतं, कारण ती गोळी आम्ही औषधात धरत नाही. मेडिकलवर नुसतं 'ती पुढे ढकलायची' म्हटलं की काळ्या पिशवीत येते, चिठ्ठी कोणी मागत नाही. नॉरएथिस्टेरॉन तिचं नाव. ती आतलं अस्तर धरून ठेवते, बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झालेल्या बाईला ती जिवावर बेतू शकते. आणि वर्षात तीनदा मनाने घेतली की खरं बिघडलंय काय आणि गोळीने झालंय काय, हे डॉक्टरलाही उलगडायला वेळ लागतो.

मला नेमकं काय झालं होतं ते त्यांनी ज्या भाषेत सांगितलं ती मी विसरणार नाही. त्या यावलकडच्या, मातीच्या घरात वाढलेल्या. म्हणाल्या, "भिंत सारवता ना? पिशवीला आतून दर महिन्याला असं सारवण चढतं. बीज बाहेर पडलं की एक हार्मोन येतं, ते सारवण बसवतं आणि वेळ झाली की सगळं एकदम नीट काढून टाकतं. चाळिशीनंतर कधी कधी बीजच बाहेर पडत नाही. मग सारवणावर सारवण चढत राहतं आणि एक दिवस पोपडे पडायला लागतात. कधी, किती, काही नेम नाही."

बीज न सुटण्याची कारणं वयानुसार वेगळी. माझ्या भाचीला चौदाव्या वर्षी दीड-दीड महिन्याने पाळी यायची आणि बहीण घाबरली होती. पहिली दोन-तीन वर्षं शरीर तंत्र शिकत असतं, तिथे पंचेचाळीस दिवसही चालतात. तीन-तीन महिने येत नसेल तर मात्र दाखवावं. आणि पहिल्या पाळीपासूनच धो धो जात असेल, हिरड्यांतूनही रक्त येत असेल, तर रक्त गोठण्याचाच दोष आहे का ते बघतात. मधल्या वयात पीसीओएस (हार्मोनचं तंत्र बिघडून बीज वेळेवर न सुटणं), थायरॉइड, एकदम वाढलेलं किंवा उतरलेलं वजन. त्याशिवाय फायब्रॉइडच्या गाठी, आत लोंबणारा मस्सा, बसवलेली तांबी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. यातलं माझं कुठलं, ते अंदाजाने कळणार नव्हतं. म्हणून थायरॉइड तपासलं, आतून सोनोग्राफी झाली, अस्तर सोळा मिलिमीटर निघालं आणि वय बघता त्याचा तुकडा तपासायला पाठवला. पोटात मुरडा आल्यासारखी कळ आली, दोन-तीन मिनिटं. रिपोर्टला आठ दिवस. ते आठ दिवस मी पतपेढीत एकदाही चुकले नाही, हे सांगायला मला आजही बरं वाटतं.

कॅन्सर नव्हता. पेशी बिघडलेल्या नव्हत्या, अस्तर नुसतंच जाड झालं होतं. त्यावर हार्मोनची तांबी बसवली. तिच्यात तांबं नसतं, पण आम्ही तांबीच म्हणतो. थोडं थोडं औषध ती आतल्या आत सोडते. पहिले चार महिने थेंब थेंब जात राहिलं, मग उतरलं. पिशवी जागेवर आहे.

लोह सलाईनमधून दिलं, बिनदुधाच्या चहाच्या रंगाचं. शेजारच्या काकू बीटचा रस घेऊन आल्या होत्या, रक्तासारखा लाल म्हणून. रंगावर काय जातंय? बिटात लोह फार नसतं. नुसत्या कळण्याच्या भाकरीने आणि मेथीने ६.८चे बारा होत नाहीत. पुढे गोळ्या सुरू झाल्या. त्या लिंबाच्या पाण्यासोबत घ्यायच्या, चहासोबत नाही. आकडा वर आला तरी तीनेक महिने सोडायच्या नाहीत, कारण तळ भरायचा असतो. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या सत्तावन्न बायकांना रक्त कमी निघालं. माझी एक मैत्रीण धडगावकडे नर्स आहे. तिचं म्हणणं, नंदुरबारच्या डोंगरात फिकी बाई दिसली की आधी सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, तपासा. तिथे रक्त कमी असण्याचं कारण प्रत्येक वेळी लोह नसतं, आणि ज्यांना सारखं रक्त चढवावं लागतं त्यांना वरून लोह देणं महागात पडतं.

श्रावण आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई. चुलत सासऱ्यांकडे सगळी भाऊबंदकी जमली होती. रोटाचं पीठ, गंगाफळाची भाजी, पुरण, चौरंगावर सजवलेलं नारळ. धाकट्या जाऊने मला कोपऱ्यात गाठलं, "ताई, ती गोळी शिल्लक आहे का?" तांबीमुळे माझं थेंब थेंब चालूच होतं. मी म्हटलं, गोळी नाही घेतली आणि मी बाजूला बसणार आहे. का, ते तिला सांगितलं. मग ऐकायला मामेसासू सरकल्या, मग चुलत नणंद. मी पॅडचं सांगितलं, गाठींचं सांगितलं, पेन्सिल खाल्ल्याचंही सांगून टाकलं. एवढी बोलते हे मलाच माहीत नव्हतं.

कानबाईची गाणी ऐकायला फुई मुद्दाम पारोळ्याहून आली होती. रात्री जागरणात गाणी रंगली तशी ती मला मागच्या गोठ्याकडे घेऊन गेली. पदर तोंडाशी. "मले बी जास व."

"काय?"

"थेंब थेंब. दोन-तीन महिना व्हई गयात. कोनले सांगू नको."

फुई त्रेसष्टची. पाळी जाऊन बारा वर्षं झालेली. तिला वाटलं होतं, पाण्याची भरली घागर उचलली म्हणून असेल. शेजारणीला एकदा अर्धवट सांगितलं तर ती म्हणाली, जवान व्हई राह्यनी! दोघी हसल्या. मग फुईने पुन्हा कोणाला सांगितलं नाही. रात्री कपडा धुवायची आणि कडब्याच्या गंजीमागे वाळत घालायची.

हे मला डॉक्टरबाईंनी निघता निघता सांगितलं होतं, माझ्याशी संबंध नसताना. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली म्हणायची. त्यानंतर एक थेंब जरी दिसला तरी दाखवायचं. लाल असो, तपकिरी असो, एकदाच असो. दहातल्या नऊ जणींचं कारण साधं निघतं, आतला कोरडेपणा, एखादा मस्सा. दहावीचं कॅन्सर निघतं. वजन जास्त आणि साखर असलेल्या बाईला भीती जरा अधिक. फुईला साखर होती.

"आते या उमरमा काय दवाखाना?" ती म्हणत राहिली. दुसऱ्या दिवशी कानबाई नदीवर गेली आणि तिसऱ्या दिवशी फुईला आम्ही धुळ्याला नेलं. पाळी गेलेल्या बाईचं अस्तर चार मिलिमीटरच्या आत असलं की डॉक्टर निर्धास्त होतात. तिचं चौदा होतं. तुकडा तपासला. ती दहावी निघाली.

आजार पिशवीच्या आतच होता, बाहेर पसरलेला नव्हता. पिशवी काढली, बीजकोश काढले. तेच ऑपरेशन, जे मला पाच मिनिटांत सुचवलं होतं. माझ्यावर ते झालं असतं तर मी आयुष्यभर कोणाला तरी शिव्या दिल्या असत्या, आणि फुईवर झालं म्हणून मी त्या सर्जनच्या पाया पडायला निघाले होते. कारण शोधून काढलं आणि न शोधता काढलं, एवढाच तो फरक. बिचाऱ्या मावशीला कोणी शोधूनच दिलं नव्हतं.

डिसेंबरात आमच्या वावरात भरीत पार्टी केली. फुईला मुद्दाम बोलावलं. काठीसारखी वाळली होती, पण पऱ्हाटीच्या जाळावर वांगी उलटायला दुसऱ्या कोणाला हात लावू देईना. "तुमले जमस नही" म्हणून सगळ्यांना उठवलं. पुरुष मंडळी पलीकडे बांधावर बसली होती, पाटाला कधी पाणी सुटतंय त्याच्या गप्पा चाललेल्या. धाकटी जाऊ विहिरीवरून हंडा घेऊन आली आणि धपकन खाली बसली. ओठ पांढरे. फुईने वांगं हातात तसंच धरून तिच्याकडे बघितलं. मग सगळ्या वावराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"पाळी कधी शे व तुनी?"

जाऊने मान खाली घातली. मी हातातला मिरच्यांचा ठेचा खाली ठेवला. बांधावरून सासऱ्यांचा आवाज आला,

"बुधवारना रातले! पाटकरीनी सांगं."